वानरांची टोळी बघायची कशी

ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, मी गाइडचं काम करते. जिप्सीत बसल्याबरोबर पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला, "मॅडम, आज वाघ दिसणार ना?" वाटेत वानरं आली की, "चला पुढे, ही तर आमच्या गावातही असतात." मी तरी गाडी थांबवतेच. ज्याला वानर बघता येतं त्याला वाघही लवकर सापडतो.

पहाटेची फेरी घ्या. बिबट्याचं वजन पेलणार नाही अशा उंच, बारक्या फांद्यांवर वानरं रात्र काढतात. थंडीत उजाडलं तरी लगेच खायला लागत नाहीत, छाती उन्हाकडे करून बसून राहतात. तेवढ्यात टोळी मोजून घ्या. बऱ्याच टोळ्यांत थोराड नर एकच असतो, अठरा किलोच्या आसपासचा. माद्या अकराएक किलोच्या. सगळे नरच दिसले तर ती टोळीबाहेरच्या नरांची टोळी. त्यांच्यातला एखादा मूळ नराला हुसकावून टोळी ताब्यात घेतो आणि पुष्कळदा तान्ही पिल्लं मारतो. धारवाडच्या जंगलात जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकात हे पाहून लिहून ठेवलंय. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते, असं त्याचं कारण सांगतात.

आता कान. घुमणारं "हुप्प हुप्प" नराचं, आपण इथे आहोत हे शेजारच्या टोळीला कळवणारं. त्यासाठी कॅमेरे काढायची गरज नाही. कॉल, म्हणजे वाघ-बिबट्या दिसल्याचा इशारा, वेगळा असतो, कोरड्या खोकल्यासारखा, "खॅक! खॅक!" एखादं अर्धवट वयाचं वानर एकदा खाकरलं आणि बाकीची पानं ओरबाडत राहिली, तर गाडी हलवू नका. पण मोठ्या नराने आवाज लावून धरला, माद्या पिल्लं पोटाशी घेऊन वर सरकल्या आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला वळली, तर दुर्बीण वानरावर नको. ती त्यांच्या नजरेच्या रेषेत खाली आणा, गवताच्या कडेला, नाल्याच्या काठाला. चितळही त्याच वेळी ओरडलं आणि पाय आपटू लागलं तर ड्रायव्हरला इंजिन बंदच ठेवायला सांगा.

चितळं वानरांखाली उगीच नसतात. वानर पानाचा कोवळा शेंडा खातं आणि उरलेली डहाळी खाली टाकतं. हे इतकं वाया घालवतं की बघून जीव हळहळतो, पण उन्हाळ्यात गवत वाळलं की तीच डहाळी चितळाच्या तोंडी लागते. वर डोळे, खाली नाक, दोघांचाही फायदा.

दुपारी अकराच्या पुढे टोळी सुस्तावते आणि पाहुणे कंटाळतात. खरं तर बघण्यासारखं तेव्हाच असतं. वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं. त्यातले जिवाणू पाला आंबवतात, म्हणून खाल्ल्यावर बराच वेळ बसून काढावा लागतो. या वेळी माद्या एकमेकींच्या अंगातली घाण वेचतात आणि पिल्लांची पळवापळवी चालते. नवं पिल्लू काळपट केसांचं, फिक्या तोंडाचं असतं, राखाडी अंगांत लगेच उठून दिसतं. एकीवर नजर ठेवा: शेजारीण हळूच सरकते, आईच्या पाठीवरून दोन वेळा हात फिरवते, मग पिल्लाचा पाय धरून ओढते. आई सोडतेही. नवखी पोरगी असेल तर पिल्लू उलटं धरते, ते चिरकतं, मग तिसरी येऊन काढून घेते. आई तोवर शांतपणे पानं खात असते. लाल तोंडाच्या माकडिणी तान्हं पिल्लू इतक्या सहज दुसरीला देत नाहीत.

बिस्किटं मात्र पिशवीतच राहू द्या. गोड, पिठूळ खाणं त्या आंबवणाऱ्या पोटात भराभर फसफसतं आणि पोट फुगतं. शिवाय वानर गाडीपाशी यायला शिकलं की रस्त्यावर गाडीखाली येतं. आठ पटीची साधी दुर्बीण पुरते. उभं राहू नका, मोठ्याने हाका मारू नका आणि टोळी रस्ता ओलांडत असेल तर शेवटचं वानर पलीकडे जाईपर्यंत थांबा. लहान पिल्लांच्या आया बऱ्याचदा मागे राहतात.