बस्ता सोडण्याआधी

एम.लिब. झालेल्या मुलामुलींचे फोन मला दर जून-जुलैत येतात. "मॅडम, तुमच्या विभागात यायला काय लागतं?" कागदावरचं उत्तर सोपं आहे: ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्के, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. पण नागपुरात विद्यापीठाच्या दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखित विभागाची प्रमुख म्हणून खुर्चीत बसले, तेव्हा त्यातलं फार थोडं कामी आलं. पहिल्या दिवशी हातात पडला तो चाव्यांचा जुडगा आणि एक दाखल नोंदवही. जुडग्यातल्या एका चावीचं कुलूप आजतागायत सापडलेलं नाही.

वहीत कित्येक ओळींत नुसतंच लिहिलेलं: "पोथी, १ नग." कुणी दिली, कधी दिली, पत्रं (म्हणजे पोथीची पानं) किती, अवस्था काय, काही पत्ता नाही. पहिले दोन महिने मी फक्त मोजणी केली. काम कंटाळवाणं आहे, तरी नवीन माणसाने आधी हेच करावं असं माझं मत. कोणतं कपाट ओल्या भिंतीला टेकलंय, कोणत्या खणाच्या तळाशी वाळवीची माती आहे, ते मोजता मोजताच कळतं.

मग माझ्या हातून जी चूक झाली ती सविस्तर सांगते, कारण ती कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हती. नागपूरच्या महाल भागातला एक वाडा पडणार होता. घरच्यांनी लाकडी पेटी आणून दिली. आत लाल खादीत बांधलेले अकरा बस्ते, म्हणजे पोथ्या-कागदांचे गठ्ठे, मधे मधे वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा चुरा. मला काय आनंद झाला! आम्ही त्याच आठवड्यात सगळे बस्ते सोडले आणि विषयवार लावले: वैद्यक इकडे, ज्योतिष तिकडे, व्रतकथा वेगळ्या, मोडी लिपीतले हिशेबाचे कागद सगळ्यात शेवटी. यादी टाइप झाली, मी ती साहेबांना दाखवूनही आले.

काही महिन्यांनी एक संशोधक आल्या. यादी बघितली आणि विचारलं, "ही औषधांची पोथी कोणत्या बस्त्यात होती? तिच्यासोबत काय बांधलं होतं?" मला सांगता येईना. त्यांचा अंदाज असा की औषध कुणाला दिलं आणि त्याचे दाम किती आले, याचे कागद पोथीसोबतच बांधलेले असणार. मोडीच्या ढिगात तसे कागद निघालेही. पण ते याच पोथीचे की दुसऱ्या कुठल्या, हे मीच पुसून टाकलं होतं. कापडाच्या घड्या, दोरीचे वळ, कसरीची भोकं एकमेकांवर बसतात का, असं बघत बघत आम्ही तीन बस्ते पुन्हा जुळवले. आठ राहिले ते राहिलेच.

तेव्हापासून आमच्याकडे बस्ता सोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो निघतो. बस्त्याला क्रमांक, आतल्या प्रत्येक वस्तूला तोच क्रमांक आणि पुढे उपक्रमांक. सगळं पेन्सिलीने. बॉलपेन विभागाच्या दाराबाहेर एका डब्यात ठेवावं लागतं, मग ते कुलगुरूंचं का असेना. विषयवारी यादीत करायची, कपाटात नाही.

त्याच पेटीने दुसरा धडाही दिला. दानपत्र घ्यायचं राहिलं होतं. वर्षभराने त्या घरातले एक चुलतभाऊ आले, "काकांनी विचारलं नाही जी आम्हाले, आमचाही हिस्सा आहे त्याच्यात." माणूस चुकीचं बोलत नव्हता. आता वारसांच्या सह्या, अटी असतील तर त्या, सारं आधी लिहून घेते. देणाऱ्याला हेही सांगते की दानपत्र दिलंत म्हणजे कागद आमचा झाला, मजकुराचा हक्क उरला असेल तर तो ज्याने लिहिलं त्याच्या वारसांकडेच राहतो. मूळ पोथी परदेशातल्या मुलाकडे पाठवायची आहे, स्कॅन तुम्ही ठेवा, असंही कुणी सुचवतं. ७५ वर्षांपेक्षा जुनं, मोल असलेलं हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते असं कुरियरने देशाबाहेर धाडता येत नाही.

मोडी शिकाच. विदर्भात तर पर्याय नाही, नागपूरकर भोसल्यांच्या काळातलं दप्तर मोडीतच आहे. महानुभाव पंथाच्या पोथ्या हाती आल्या तर सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या भेटतात. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते त्या वाङ्मयात आयुष्यभर बुडालेले होते, तुम्हा-आम्हाला निदान लिपी ओळखता यावी. शिवाय या पोथ्या अनेकांसाठी पूजेच्या आहेत. हात धुऊन, जेवणाचा डबा लांब ठेवून बसणं हा तिथे संवर्धनाचाही नियम असतो आणि आदराचाही.

लिपीइतकंच कालगणनेचं गणित उपयोगी पडतं. आमच्याकडच्या एका पोथीच्या समाप्तीला असं आहे: "शके १७", मग भोक, मग "५ सुभानु नाम संवत्सरे श्रावण". दशकाचा अंक कसरीने खाल्लेला. नवीन मुलीने यादीत "काळ अनिश्चित" लिहिलं होतं. तिला शेजारी बसवलं. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरते तो संवत्सराचा, म्हणजे साठ नावांच्या चक्रातल्या त्या वर्षाचा, क्रमांक. सुभानु सतरावा. १७०५ पासून १७९५ पर्यंत दहाही आकडे करून बघितले तर सतरा बाकी एकट्या १७४५ ला येते. श्रावण आहे म्हणून ७८ मिळवायचे, म्हणजे इ.स. १८२३. नागपूरच्या गादीवर रघुजी तिसरे, सीताबर्डीला इंग्रजांचा रेसिडेंट जेंकिन्स. तिने ती ओळ स्वतः खोडून पुन्हा लिहिली. हे काम का करावं असं कुणी विचारलं तर मला तिचा तेव्हाचा चेहरा आठवतो.

आता कूलर. नागपूरबाहेरच्या पुस्तकांत हे प्रकरण सापडणार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा इतकी कोरडी की जुन्या वर्तमानपत्राचं पान उलटताना पापडासारखं मोडतं. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद तो, आधीच तांबूस झालेला. म्हणून कुणीतरी मायेने वाचनकक्षात डेझर्ट कूलर लावलेला होता. कूलरच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा थेट काचेच्या कपाटावर. त्यात हवेची ओल एका दुपारी चढते, रात्री कूलर बंद झाला की उतरते. कागद फुगतो, आकसतो, फुगतो. जुलैत बाहेरची हवाच दमट, त्यातही कूलर चालूच, आणि ६५ टक्क्यांच्या वर ओल टिकली की बुरशी आलीच. मी कूलर काढला तेव्हा कर्मचारी दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचं बरोबर होतं, भाजून निघत होते. एसीचा प्रस्ताव खर्चाच्या पुस्तकखरेदी शीर्षात बसेना, दुरुस्तीच्या शीर्षात बसेना. मग मी साधं तापमान-आर्द्रता मापक आणून तीन महिने रोज तीनदा आकडे लिहिले आणि तो तक्ताच फाइलला लावला. "संवर्धनाची निकड" वगैरे शब्दांनी जे झालं नव्हतं ते आकड्यांनी झालं. तोवर पोथ्या आतल्या, बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या खोलीत हलवल्या आणि लोकांसाठी कूलर बाहेरच्या कक्षात परत लावला. हे आधी सुचायला हवं होतं.

माणसांबद्दल थोडं. आमचे बाइंडर काका तीस वर्षं पुस्तकं बांधत आलेले. फाटलं की चिकटपट्टी, ही त्यांची सवय. मी जपानी टिश्यू (दुरुस्तीचा पातळ कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ आणली तर म्हणाले, "हे काय करून राहिले मॅडम, याने तर माशीही चिकटणार नाही." वाद घातला नाही. त्यांनीच पूर्वी चिकटवलेलं एक पान दाखवलं, पट्टी पिवळी पडून सुटलेली, खाली अक्षरांवर तेलकट डाग. काका बराच वेळ बघत राहिले. आज खळ तेच शिजवतात, मला भांड्याला हात लावू देत नाहीत.

आणि "नाही" म्हणायची तयारी ठेवा. मोठ्या पदावरचा माणूस "फक्त दोन दिवस, घरी बघून परत करतो" म्हणतो. त्याला चहा पाजायचा, ग्रंथ वाचनकक्षातच दाखवायचा. ग्रंथालयशास्त्रातला रंगनाथनांचा पहिला नियम, ग्रंथ वापरासाठी आहेत, हा लोक अशा वेळी हमखास आपल्याच तोंडावर फेकतात. मी म्हणते, वापरासाठीच तर इथे बसून बघा.

डिजिटायझेशनवर सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात: पोथीचा क्रमांक आणि पत्रांची संख्या पक्की झाल्याशिवाय स्कॅनर सुरू करू नका, नाहीतर हार्ड डिस्कवर तोच "१ नग" जमा होतो.

शेवटचं, विशेष संग्रह म्हणजे फक्त जुनं असं समजू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथल्या पातळ पुस्तिका, गाण्यांच्या वह्या, दिनदर्शिका बहुतेक ग्रंथालयांत कधी पोचतच नाहीत, लेखकच छापतो आणि लेखकच विकतो. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांची पत्रकं निघतात, तीही दुसऱ्या दिवशी रद्दी. आम्ही दरवर्षी दोघं-तिघं पिशव्या घेऊन जातो. पहिल्या वर्षी मी घरी येऊन टेबलावर सगळं ओतलं होतं, आणि कोणती पुस्तिका कुणाकडून घेतली ते रात्रीतच विसरले होते. आता सोबत कागदी लिफाफे असतात. स्टॉलपासून चार पावलं बाजूला व्हायचं, गर्दीत कुठेतरी गुडघ्यावर लिफाफा टेकवायचा आणि पेन्सिलीने लिहायचं: तारीख, जागा, देणारा, किंमत. मग पुढच्या स्टॉलवर.