हॉर्न स्पीकर घरी बनवताना पैसा कुठे घालावा

टू-वे हॉर्न स्पीकर (खालच्या स्वरांना वूफर, वरच्यांना हॉर्न) करायला घेतला की बहुतेकांचा हात आधी सनमायका आणि पॉलिशकडे जातो. तो आवरा. बजेट तुटपुंजं असेल तर पेटी साध्या प्लायची, विनारंगाची चालेल. पण कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या मागे बसून आवाज काढणारा भाग) आणि हॉर्न यांत काटकसर नको. स्वस्त ड्रायव्हरचा कर्कशपणा नंतर कशानेच जात नाही. हात सैल असेल तर पुढचा पैसा वूफरवर घाला. १२ इंची वूफर आणि ९० अंशांत आवाज पसरवणारा हॉर्न ही जोडी १२०० ते १५०० हर्ट्झच्या आसपास विभागली तर छान जुळते, मात्र ड्रायव्हर तितक्या खालच्या स्वरांपर्यंत उतरणारा हवा.

आता खरी गोम. समजा हॉर्नची संवेदनशीलता (तेवढ्याच वॉटला किती मोठा आवाज) १०७ डेसिबल आणि वूफरची ९५, म्हणजे १२ डेसिबलची तफावत. तशीच जोडणी केली तर झांजा कानात घुसतात आणि तबल्याचा डग्गा हरवतो. हॉर्न तेवढा खाली आणायला ८ ओहमच्या ड्रायव्हरला क्रॉसओव्हरनंतर (वरचे-खालचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटनंतर) ६ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि २.७ ओहमचा ड्रायव्हरला समांतर लावा. दोन्ही १० वॉटचे घ्या, तापतात.

क्रॉसओव्हरऐवजी डीएसपी (स्वर डिजिटल पद्धतीने विभागणारं यंत्र) आणि दोन अ‍ॅम्प्लिफायर वापरणार असाल तर हॉर्नच्या ड्रायव्हरला सिरीजमध्ये संरक्षणासाठी ३० मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर ठेवाच. अ‍ॅम्प चालू करताना झालेल्या एका ‘धप्प’ आवाजात माझ्या ड्रायव्हरचा डायफ्रॅम (आतला थरथरणारा पडदा) गेला होता. कपॅसिटर त्या मानाने फुकटच म्हणायचा.