‘येतो’ म्हणून बसलाय, आता जायचं नाहीये? मग असं करा

मी पुण्यात रिक्रूटर आहे. म्हणजे नोकरीची ऑफर स्वीकारून आता ‘येत नाही’ सांगायला जिला फोन लावताना तुमचा हात धजत नाहीये, तीच ही बाई. आधी हिंजवडी, आता खराडी. इतकी वर्षं माणसं कंपनीत आणायचं काम करते, आणि लेटरवर सही करून, ‘भेटू सोमवारी, मॅम’ म्हणून न आलेल्यांची यादी माझ्याकडे भलीमोठी आहे. त्यातल्या काहींना मी पुढे दुसऱ्या कंपनीत स्वतः घेतलंय. काहींचं नाव दिसलं तर सीव्ही उघडतसुद्धा नाही. हा फरक कशाने पडतो आणि यातून नीट बाहेर कसं पडायचं, ते सांगते.

ऑफर स्वीकारून मग नाही म्हणणं हे काही पाप नाही. कंपन्याही लेटर देऊन मागे फिरतात. २०२२ साली कॉलेजातून बाहेर पडलेल्या, आयटीत निवड झालेल्या कितीतरी पोरांनी लेटर हातात धरून दोन-दोन वर्षं जॉइनिंगची वाट बघितली. तेव्हा अपराधी वाटून फोन उद्यावर ढकलत बसू नका. मात्र तो करायच्या आधी दोन कामं उरकून घ्या.

दुसरा पाय कुठे ठेवताय?

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आताच्याच कंपनीत थांबायचं ठरलं की. तुम्ही राजीनामा दिलाय, नव्वद दिवसांची नोटीस चालू आहे, आणि मॅनेजर कोपऱ्यात घेऊन म्हणतो, ‘अरे थांब रे, मी बोललोय वरती. तुझं करतो काहीतरी.’ या ‘वरती’ आणि ‘काहीतरी’च्या भरवशावर हातातली ऑफर सोडायची नाही. वाढीव पगाराचं लेटर, आणि राजीनामा मागे घेतलेला मान्य आहे असा एचआरचा मेल, ही दोन्ही आली की मगच आम्हाला फोन. सिस्टिममध्ये तुमचा शेवटचा दिवस तसाच राहिलेला असतो. कुणी तो बदलला नाही तर त्या तारखेला तुमचं लॉगिन बंद होतं आणि मॅनेजर म्हणतो, ‘बघतो हं.’

तिसऱ्याच कंपनीत जायचं असेल तरी तेच. ‘लेटर उद्या निघतंय’ असं सांगणारी माणसं माझ्याच जमातीची. खोटं बोलत नसतात बिचारी, पण मंजुरी फायनान्सकडे अडकलेली असते आणि ‘उद्या’ म्हणजे पुढचा महिना निघतो. पगाराचा तक्ता, जॉइनिंगची तारीख आणि अधिकृत सही असलेलं लेटर मेलवर आल्याखेरीज पहिली ऑफर सोडू नका.

घरचं कारण असेल, म्हणजे वडिलांचं ऑपरेशन, नवऱ्याची बदली, तर एकदा विचारून बघा की जॉइनिंग पुढे जातं का, घरून काम चालतं का. नुसती तारीख महिनाभर सरकवून कितीतरी जणांचं भागतं. विचारायला कोणी जातच नाही.

सही कशावर केलीय ते वाचा

ऑफर लेटर पुन्हा उघडा. या वेळी पगाराचं पान सोडून बाकीची पानं वाचा. जॉइनिंग बोनस, सामान हलवायचा खर्च, नोटीस पिरियड विकत घ्यायचे (म्हणजे नोटीस पूर्ण न करता जुनी कंपनी सोडायला भरायचे) पैसे हे सगळं सहसा पहिल्या पगाराबरोबर मिळतं, त्यामुळे अजून रुजूच झाला नसाल तर परत काही द्यायचं नसतं. पण आगाऊ काही घेतलं असेल, कंपनीने विमानाचं तिकीट काढलं असेल, तर ते पैसे स्वतःहून परत करायची तयारी ठेवा आणि तसं मेलमध्ये लिहा. मागायची वेळ आणू नका.

आता लोकांना ज्याची धास्ती असते ते. ‘कंपनी केस करेल का?’ जबरदस्तीने कामावर कोणी बसवू शकत नाही. माणसाच्या वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट सक्तीने पाळायला लावत नाही, हे स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट, १९६३ मध्येच आहे. रुजू झाला नाहीत तर अमुक रक्कम भरा असं कलम असेल, तर कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट, १८७२ मधलं ७४ वं कलम लागू होतं: लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, आणि त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई. न आलेल्या इंजिनिअरमागे वकील लावणारी खासगी कंपनी मी तरी पाहिलेली नाही. वकिलाची फीच जास्त होते.

पण म्हणून ‘बाँड (अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरीन असा करार) बेकायदेशीर असतो’ हे व्हॉट्सअॅपवरचं ज्ञानही खरं मानू नका. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलचा दोन लाखांचा बाँड योग्य ठरवला. तो अधिकारी रुजू होऊन मधेच गेला होता आणि बँक सरकारी होती, तेव्हा तुमची गोष्ट वेगळी असू शकते. पण नाकारायची ऑफर सरकारी बँकेची किंवा उपक्रमाची असेल आणि अशा कागदावर सही केली असेल, तर आधी वकिलाला दाखवा. बाँडबरोबर सही केलेला कोरा चेक किंवा मूळ मार्कशीट देऊन बसला असाल तरी तेच. खरं तर या दोन्ही वस्तू कोणालाच द्यायच्या नसतात. दुबई-दोह्याची ऑफर असेल आणि व्हिसा निघाला असेल, तर तो रद्द केल्याचा कागद कंपनीकडून मागून घ्या, नाहीतर दुसऱ्या कंपनीतून जाताना तोच आडवा येऊ शकतो.

फोन

ज्या दिवशी पक्कं ठरलं त्याच दिवशी. साधारण अकरा ते चार. शुक्रवारी संध्याकाळी नको, तेव्हा आम्ही सोमवारच्या बॅचची तयारी करून निघालेलो असतो. आणि सोमवारी सकाळी तर नकोच नको.

एवढी घाई का, ते सांगते. तुम्ही ‘येतो’ म्हटल्यावर आम्ही ती जागा बंद करतो. तुमच्या मागोमागचा उमेदवार, जो मॅनेजरला जवळजवळ तितकाच आवडलेला असतो, त्याला ‘पुढे काही निघालं तर कळवू’ म्हणतो. तुम्ही तीन आठवडे आधी सांगितलंत तर मी त्याला त्याच संध्याकाळी फोन करते. तो अजून रिकामा असतो, त्याचं काम होतं, माझंही होतं. रविवारी रात्री अकराला मेसेज टाकलात तर तो कुठेतरी लागून गेलेला असतो, क्लायंटला दाखवलेलं नाव खोटं पडतं, आणि माझा मॅनेजर पुन्हा शून्यापासून नव्वद दिवस मोजायला लागतो. आमच्या सिस्टिममध्ये या दोन गोष्टींची नोंदही वेगळी होते. पहिली ‘ऑफर डिक्लाइन्ड’, दुसरी ‘नो शो’. पहिल्या नोंदीकडे पुढे कोणी बघत नाही. दुसरी लाल रंगात दिसते. आणि रिक्रूटर काही एका कंपनीत चिकटून राहत नाहीत. आज हिंजवडीत बसलेली मुलगी पुढच्या वर्षी मगरपट्ट्यात तुमचा सीव्ही चाळत असते.

फोनवर फार बोलायचं नाही. असं चालेल:

‘मॅडम, पंधरा तारखेच्या जॉइनिंगबद्दल बोलायचं होतं. मी ऑफर स्वीकारली होती, पण आता मला जॉइन करता येणार नाही. निर्णय पक्का झालाय, म्हणून लगेच फोन केला. तुमचा वेळ गेला, त्याबद्दल सॉरी. मेल अर्ध्या तासात पाठवतो.’

पलीकडून पहिला प्रश्न हमखास येणार: ‘तिकडे किती देतायत?’ याला तुमचं उत्तर आधीच ठरलेलं हवं. कितीही वाढवून दिले तरी जायचं नसेल तर आकडा सांगूच नका. आकडा सांगितलात की बोलणं नकाराचं राहत नाही, भाजीच्या गाड्यावरची घासाघीस सुरू होते. ‘पैशाचं नाहीये मॅडम, काम वेगळं आहे’ किंवा ‘घरापासून जवळ आहे’ एवढं पुरतं. पैशाचंच असेल, तर तसं सांगा. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. कोणत्या कंपनीत चाललाय हे सांगायचं बंधन नाही.

फक्त आजीला मधे आणू नका. जॉइनिंगच्या आदल्या रात्री या शहरात जितक्या आज्या अत्यवस्थ होतात, तितक्या दीनानाथ आणि सह्याद्री हॉस्पिटलांत मिळून खाटा नसतील. आणि मग तीनच आठवड्यांत लिंक्डइनवर नव्या कंपनीच्या लॅनयार्डसकट फोटो येतो. तो आम्हाला दिसतो हो. तुम्ही आम्हालाच कनेक्शनमध्ये घेतलेलं असतं.

तरीही मी चिडले, आवाज चढवला, ‘हे प्रोफेशनल नाही’ म्हटलं, तर ऐकून घ्या आणि ‘समजू शकतो मॅडम’ म्हणून फोन ठेवा. त्या दिवशी महिन्याचं टार्गेट कोसळलेलं असतं. दोन दिवसांत माणूस ताळ्यावर येतो.

कन्सल्टंट, मित्र आणि काका

ऑफर कन्सल्टंटमार्फत आली असेल तर त्याला सांगाच, पण कंपनीच्या एचआरलाही त्याच मेलमध्ये कॉपी करा. कन्सल्टंटची फी साधारण तुमच्या वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे तुमचा एक महिन्याचा पगार असते, आणि ती तुम्ही रुजू होऊन काही काळ टिकलात तरच त्याच्या हातात पडते. त्यामुळे तुमचा नकार खिशात ठेवून तो तुम्हाला चार दिवस समजावत बसतो, आणि आम्हाला मात्र ‘येतोय, येतोय’ सांगत राहतो. ते चार दिवस पुढे तुमच्या नावावर लागतात.

मित्राने रेफर केलं असेल तर एचआरच्या आधी त्याला फोन. त्याचा रेफरल बोनस बुडणार आहे आणि कँटीनमध्ये मॅनेजर त्यालाच विचारणार आहे, ‘काय रे, तुझा माणूस?’ त्याला उत्तर देता आलं पाहिजे.

सगळ्यात अवघड म्हणजे नात्यातली ओळख. चाकणच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत काकांनी शब्द टाकला, मालकांनी ‘पाठवा पोराला’ म्हटलं, आणि आता पोराला यायचं नाहीये. इथे मेल-बिल नंतर. आधी काकांच्या घरी जा, फोनवर उरकू नका, आणि आईला मध्ये घालू नका. ‘काका, तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात. मला दुसरीकडे डिझाइनचं काम मिळतंय, मला तेच करायचंय. साहेबांना मी स्वतः सांगतो, तुम्हाला आधी सांगायला आलो.’ काका दोन मिनिटं बोलणार नाहीत. चहा होईपर्यंत बसा. मग ‘साहेबांना मी फोन करू की तुम्ही बोलताय?’ हे विचारा आणि ते सांगतील तसं करा. बहुतेक वेळा आपणच मालकांना आधी कळवलं असं काकांना दाखवता आलं की पुरे असतं.

कॅम्पसमधून लागलेल्यांनी आधी प्लेसमेंट ऑफिसरना भेटावं. बऱ्याच कॉलेजांत एक विद्यार्थी एक ऑफर असा नियम असतो, आणि पुढच्या वर्षी ती कंपनी यावी म्हणून तेच सर फोन करत असतात.

मेल आणि मागची आवराआवर

मेल ज्या मेलवर ऑफर स्वीकारली त्याच साखळीत, म्हणजे शोधाशोध नको. विषयात तुमचं नाव, पद आणि ‘ऑफर नाकारत आहे’ असं सरळ. इंग्रजीतच लिहाल, मजकूर एवढाच: ‘आज फोनवर बोलल्याप्रमाणे, अमुक तारखेला स्वीकारलेली अमुक पदाची ऑफर मी आता नाकारत आहे आणि पंधरा तारखेला रुजू होणार नाही. माझी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची प्रक्रिया कृपया थांबवावी आणि जमा केलेली कागदपत्रं काढून टाकावीत. मिळाल्याचं कळवावं.’ दिलगिरी एका ओळीत. परिच्छेदभर आभार लिहिलेत तर शेवटचं वाक्य वाचेपर्यंत कोणी टिकत नाही. आणि ‘सध्या शक्य होईल असं वाटत नाही’ असली पळवाट तर ठेवूच नका. त्याचा अर्थ आम्ही ‘थोडे वाढवून दिले तर येईल’ असा लावतो.

व्हेरिफिकेशनचं वाक्य विसरू नका, विशेषतः जुन्याच कंपनीत राहणार असाल तर. ती तपासणी बाहेरची एजन्सी करते, तिला तुमचा नकार कळायला वेळ लागतो, आणि एके दिवशी तुमच्या आताच्या एचआरकडे ‘हे गृहस्थ आमच्याकडे येतायत, माहिती द्या’ असा मेल येऊन पडतो.

ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला त्या मॅनेजरना दोन ओळींचा वेगळा मेसेज टाका. त्यांनी तुमच्यासाठी इतरांशी वाद घातलेला असतो, आणि पुढे कुठेतरी तुमची गाठ पडायची शक्यता एचआरपेक्षा त्यांच्याशीच जास्त.

लॅपटॉप घरी आला असेल तर खोका फोडू नका. सीरियल नंबरचा फोटो काढा, कुरिअरवाला नेईल तेव्हा पावती घ्या. कंपनीच्या पोर्टलवर ऑफर नाकारायचं बटण असेल तर तेही दाबा, नाहीतर सिस्टिम जॉइनिंगच्या सकाळपर्यंत रिमाइंडर पाठवत राहते. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर तुमच्या यूएएनमध्ये (पीएफच्या कायम नंबरात) सर्व्हिस हिस्टरी बघा. चुकून तिथे त्या कंपनीत रुजू झाल्याची तारीख पडली असेल तर लगेच मेल करून काढून घ्या, कारण पुढची कंपनी दोन नोकऱ्या एकदम केल्या का ते तिथेच तपासते. आणि त्यांच्या सांगण्यावरून सॅलरी अकाउंट उघडलं असेल तर ते बंद करा. काही महिने पगार जमा झाला नाही की बँक त्याचं साधं बचत खातं करते आणि काही बँका किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावायला लागतात.