वैद्यकीय ग्रंथालयातली जुनी पुस्तके कशी काढावीत

छाटणी विषयवार करा, सगळ्या कपाटांना एकच कालमर्यादा लावू नका. शरीररचनाशास्त्राचा ग्रंथ दहा वर्षांनीही चालतो. औषधांच्या मात्रांचे हस्तपुस्तक मात्र नवी आवृत्ती येताच खुल्या फडताळावरून उतरवा. घाईत विद्यार्थी हाताला येईल तीच प्रत उघडतो आणि जुनी मात्रा टिपून घेतो. चिकित्साविषयक पुस्तकांना साधारण पाच वर्षे पुरेत.

आधी देवघेवीची नोंद काढा. तीन वर्षांत न हललेल्या पुस्तकांची यादी त्या-त्या विभागप्रमुखांकडे पाठवा आणि उत्तराला मुदत घाला, नाहीतर यादी तिथेच पडून राहते. नुसत्या देवघेवीवर विसंबू नका: संदर्भग्रंथ घरी जातच नाहीत, म्हणून टेबलावर सोडलेली पुस्तके रोज मोजा. वैद्यकाच्या इतिहासाला उपयोगी प्रत वेगळ्या कपाटात ठेवा.

काढलेल्या प्रतीवर ‘रद्द’ शिक्का मारा, दाखलनोंदवहीत तारीख व कारण लिहा आणि तालिकेतली (वाचक पुस्तक शोधतात त्या सूचीतली) नोंदही त्याच दिवशी बदला. हे शेवटचे काम हमखास राहते, मग वाचक नसलेले पुस्तक शोधत बसतो.

ई-पुस्तके व ई-नियतकालिकांचा करार नूतनीकरणापूर्वी वाचा: वर्गणी थांबल्यावर जुने अंक उघडतील का, हे त्यातच असते.