वसंतातली पेरणी ठरवताना या चुका टाळा

कोणते पीक घ्यायचे ते बाजार सुचवतो, पण कधी पेरायचे ते जमिनीलाच विचारावे लागते. कडक हिवाळ्यानंतर जिथे मका आणि सोयाबीन वसंतात पेरतात, तिथे बहुतेक नुकसान या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे होते.

पहिली चूक म्हणजे गेल्या वर्षीच्या भावावर क्षेत्र ठरवणे. तो भाव सगळ्यांनीच पाहिलेला असतो. सगळे त्याच पिकाकडे वळतात आणि काढणीला आवक वाढून भाव कोसळतो. काढणीच्या महिन्याचा वायदे भाव, म्हणजे त्या महिन्यात द्यायच्या मालाचा आज ठरणारा भाव, पाहा आणि एकरी खर्च वजा करून काय उरते ते मांडा. मक्याला नत्र भरपूर लागते, सोयाबीन ते बऱ्याच अंशी मुळांवरच्या गाठींतून मिळवते. म्हणून खत महागले की मक्याचा चांगला भावही पुरत नाही. २०२२मध्ये खतांचे दर भडकले होते, तेव्हा अमेरिकी शेतकऱ्यांनी मार्चच्या सरकारी पाहणीत मक्यापेक्षा सोयाबीनचे क्षेत्र जास्त सांगितले होते. बेवड, म्हणजे त्या रानात आधी कोणते पीक होते, तेही हिशेबात धरा. मक्यावर मका घेतला की सहसा उत्पन्न घटते आणि नत्र वाढवून द्यावे लागते.

सगळ्यात महागात पडते ती वाफसा येण्याआधी, म्हणजे जमीन पेरणीजोगी सुकण्याआधी, केलेली पेरणी. भाव चढा आहे, शेजाऱ्याचे यंत्र शेतात उतरले आहे, मग धीर सुटतो. ओल्या जमिनीत जड यंत्र घातले की माती दबते, पेरणीच्या चरांच्या भिंती गुळगुळीत होऊन घट्ट बसतात आणि मुळांना बाजूला शिरता येत नाही. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. पुढे पाऊस ताणला की पीक तिथेच आधी सुकते. पेरणीच्या खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाने फुटत नसेल तर थांबा. तिथेच तापमापी खोचून पाहा. मक्याला किमान १० अंश सेल्सिअस हवे, आणि पुढचे दोन दिवस थंड पावसाचे नसावेत, कारण बी पहिले पाणी शोषते तेव्हा गारठा बसला तर उगवण बिघडते.

लवकर पेरलेल्यावर दव गोठले तर घाईने मोडू नका. मक्याचा वाढीचा कोंब पाच-सहा पानांपर्यंत जमिनीखाली असतो, त्यामुळे तो बहुधा सावरतो. सोयाबीनचा कोंब उगवताच वर येतो. त्याला धोका जास्त. काही दिवस थांबून जिवंत रोपे मोजा. वेळेवर पेरलेले थोडे विरळ पीक उशिराच्या दाट दुबार पेरणीला अनेकदा मागे टाकते.

पेरणी लांबलीच तर लवकर येणारे वाण घ्या. मक्याऐवजी सोयाबीन घ्यायचे मनात असेल तर आधी तणनाशक आठवा. मक्यासाठी अ‍ॅट्राझिन हे तणनाशक फवारलेल्या रानात त्याच हंगामात सोयाबीन घेता येत नाही.

राहिली विक्री. २०१९च्या ओल्या वसंतात अमेरिकेत १.९ कोटी एकरांहून जास्त क्षेत्र पेरणीविना राहिले. जूनमध्ये मक्याचे वायदे भाव उसळले आणि ऑगस्टमध्ये खाली आले. अशा उसळीत अपेक्षित उत्पन्नाचा काही हिस्सा विकून भाव बांधून घ्यावा. सगळा मात्र विकू नका. जे अजून पेरलेच नाही ते द्यायची वेळ आली तर बाजारातून महाग घेऊन भरावे लागते.