ग्रुप शो लावताना: लहान गॅलरीत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींनी गॅलरीतलं पहिलं काम लहान गॅलरीत करावं, असं मी आग्रहाने सांगते. मी कुलाब्यात दोन खोल्यांच्या गॅलरीत काम करते. आमचे बहुतेक शो ग्रुप शो, म्हणजे अनेक चित्रकारांची कामं एकत्र मांडलेली प्रदर्शनं. चित्र टेम्पोतून उतरवण्यापासून विकल्यावर पुन्हा बांधून देईपर्यंत सगळं इथे तुमच्याच हातून जातं.

चित्र आलं की आधी कंडिशन रिपोर्ट, म्हणजे काम कुठल्या अवस्थेत आलं त्याची नोंद. चारही कोपरे, मागची बाजू, फ्रेमवरचे ओरखडे यांचे फोटो काढायचे आणि चित्रकाराची सही घ्यायची. अ‍ॅक्रिलिकच्या कामाला बबल रॅप थेट चिकटून आला असेल तर तो लगेच, पण हळूच सोडवा. मुंबईच्या उकाड्यात रंग मऊ पडतो आणि त्यावर बुडबुड्यांचे वण उठतात. मध्ये ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद हवाच.

खरं शिक्षण सुरू होतं ते सगळी कामं भिंतीला टेकवून जमिनीवर मांडल्यावर. नव्या माणसाला वाटतं, पाच चित्रकार आहेत तर प्रत्येकाला एकेक भिंत देऊन टाकू. त्यात कुणावर अन्याय होत नाही, पण शोही होत नाही. पाच छोटी प्रदर्शनं एका छताखाली येतात, एवढंच. १९४९ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं प्रदर्शन झालं. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. बाकरे तर शिल्पकार. या सहाजणांची शैली एक नव्हती. म्हणून कामांमध्ये सारखेपणा शोधत बसू नका. शेजारी ठेवल्यावर एक काम दुसऱ्यातलं काय दाखवून देतं, ते बघा.

मी सुरुवात नेहमी सगळ्यात अबोल कामापासून करते. हातभर जलरंग असेल तर त्याची जागा आधी ठरवते, भोवती मोकळी भिंत सोडते, मग सहा फुटी कॅनव्हासकडे वळते. मोठं काम कुठेही उभं राहतं. लहान कामाची बाजू मात्र तुम्हालाच घ्यावी लागते, आणि या नोकरीतला मला सगळ्यात प्रिय भाग हाच आहे.

उंचीचा हिशोब पाठ करा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवतात. समजा, मध्य ५८ इंचांवर धरला आणि फ्रेम ३० इंच उंच आहे; म्हणजे वरची कड ७३ वर येते. ताणलेली तार कडेपासून ३ इंच खाली असेल तर खिळा ७० इंचांवर. कागदावरच्या कामावर प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपासच ठेवा, आणि पावसाळ्यात ते ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावूच नका, बुरशी धरते.

ओपनिंगच्या आदल्या दिवशी चित्रकारांना बोलवा. ‘माझं काम कोपऱ्यात का?’ हा प्रश्न येतोच. तुमच्याकडे कारण असेल तर शांतपणे सांगा. नसेल तर चित्र हलवा, अजून वेळ आहे.

किंमत, गॅलरीचं कमिशन आणि विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळणार, हे काम ताब्यात घेतानाच लेखी असू द्या. तरुण चित्रकार संकोचाने विचारत नाहीत, म्हणून तुम्हीच आधी कागद पुढे करा.