घरातली बुरशी शोधताना या चुका टाळा

बुरशी भिंतीवर दिसते, पण तिला पोसणारं पाणी भलतीकडून येत असतं. ते कुठून येतंय हे न शोधता नुसता डाग पुसला, तर पुढच्या झडीत तो त्याच जागी परत उगवतो.

दिवाळीची वाट पाहणं

दिवाळीच्या तोंडावर घर पोतारायला काढलं की सगळे डाग चुन्याखाली जातात आणि ओल तशीच राहते. त्यामुळे तपासणी पोळ्याच्या सुमारास, दोन-तीन दिवसांची झड उघडल्यावर करा. सकाळी दारं-खिडक्या उघडण्याआधी खोलीत जाऊन पहिल्यांदा वास घ्या. रात्रभर बंद खोलीत कुबटपणा साठलेला असतो. थोडा वेळ आत थांबलात की नाकाला सवय होते आणि वास जाणवेनासा होतो. वास येतो पण डाग दिसत नाही, अशा खोलीत कपाट, पलंग आणि पोत्यांची थप्पी भिंतीपासून ओढा. बॅटरीचा झोत समोरून न मारता भिंतीला चिकटून आडवा धरा. एरवी सपाट दिसणाऱ्या भिंतीवरचे फुगे, पोपडे आणि केसाळ थर तेव्हाच उठून दिसतात.

प्रत्येक डागाला बुरशी समजणं

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांतला पांढरा, भुरभुरीत थर बहुतेकदा क्षार असतो, म्हणजे लोणा. हातमोजा घालून चिमूटभर खरवडा आणि वाटीतल्या पाण्यात टाका. क्षार बराचसा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. ती मऊ, कापसाच्या तंतूसारखी असते आणि चोळली की पसरते. लोणा निघाला म्हणून सुटलो असं मात्र नाही, कारण भिंतीतून पाणी चढल्याशिवाय क्षार बाहेर येत नाही.

चुलीजवळच्या काळ्या थरानेही फसगत होते. तिथे एक भाग घरगुती ब्लीच आणि सोळा भाग पाणी असं मिश्रण करून एक थेंब टाका. एक-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी समजा, तसाच काळा राहिला तर काजळी.

घराबाहेर चक्कर न मारणं

आतल्या ओलीचं कारण अनेकदा बाहेर सापडतं. वळचणीचं पाणी जोत्याला लागून पडतं का? न्हाणीचं पाणी भिंतीलगत मुरतं का? जळणाच्या पऱ्हाट्या-तुराट्या भिंतीला टेकवून रचल्या आहेत का? असा ढीग भिजला की त्यामागची भिंत आठवडाभर वाळत नाही. भिंतीपासून किमान दोन फूट सोडून रचा. काळ्या मातीत उन्हाळ्यात जोत्यालगत भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून थेट पायव्याकडे जातं. मृगाआधी त्या बुजवा आणि मुरूम दाबून भिंतीपासूनच्या पहिल्या दहा फुटांत सहा इंचांचा उतार काढा.

डागाची उंचीही कारण सांगते. जमिनीपासून तीन फुटांच्या आत असेल तर ओल बहुधा पायव्यातून चढलेली असते. वरून ओघळ असतील तर फुटलेलं कौल किंवा पाणी साचणारा स्लॅब पाहा. खिडकीखालीच असेल तर उन्हाळ्यात तिथे कुलर होता का ते आठवा. कुलरच्या ठिबकणाऱ्या पाण्याने भिंत भिजते, आणि समोरची खिडकी बंद ठेवली तर दमट हवा खोलीतच कोंडते. पावसाळा लागताच टाकी कोरडी करा आणि ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्या, काढून उन्हात वाळवा. ओल्या ताट्यांवर बुरशी हमखास धरते.

सिमेंटच्या भिंतीत ओल आतली की हवेतली, हे ठरवायला दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवा. एक दिवसानंतर थेंब प्लास्टिकच्या आतून असतील तर भिंत ओली आहे, बाहेरून असतील तर खोलीची हवा दमट आहे.

मातीच्या भिंतीला सिमेंट लावणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मातीची भिंत ओल घेते आणि वाळून सोडतेही. सिमेंटच्या गिलाव्याने किंवा ऑइल पेंटने तिचं वाळणं थांबतं. आत पाणी कोंडतं, गिलावा सुटतो आणि ठोकला की पोकळ आवाज येतो. तो भाग काढा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग मातीचा गिलावा आणि वरून चुना लावा.

कोरड्या खराट्याने झाडणं

त्याने बीजाणू, म्हणजे बुरशीचे बारीक बीजकण, घरभर उडतात आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. आधी पाणी शिंपडा. एन-९५ मास्क, चष्मा आणि हातमोजे घाला, मग सिमेंटची भिंत साबणाच्या पाण्याने घासा आणि त्याच दिवशी वाळवा. मातीच्या भिंतीवर पाणी ओतू नका, ओलावलेला थर खरवडून काढा. डाग दहा चौरस फुटांपेक्षा मोठा असेल तर जाणकार गवंडी बोलवा. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

बुरशी धरलेले शेंगदाणे किंवा मका खाऊ नका आणि ढोरांनाही घालू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष शिजवूनही जात नाही. नवी पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा.

दुरुस्तीनंतर ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. पुढच्या झडीनंतर ओल रेघेबाहेर गेली असेल, तर पाण्याची वाट अजून बंद झालेली नाही.